युद्धाची ओळख होऊन बसलेली छायाचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही काही जण महिन्यातून एकदा एखादे जुने वृत्तछायाचित्र समोर ठेवून त्यावर बोलतो. युद्धाच्या छायाचित्रांचा विषय निघाला की बैठक संपल्यावरही प्रश्न थांबत नाहीत. काही जिना उतरताना येतात, काही तलावपाळीवर चहा घेताना, आणि बरेचसे ऐरोली, नेरूळ, डोंबिवलीहून फोनवर. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात असे लक्षात आल्यावर त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एक विषय जेथे दुसऱ्यात मिसळतो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युद्धाचे गाजलेले छायाचित्र आणि युद्धाची ओळख ठरलेले छायाचित्र, यांत फरक काय?

गाजलेले छायाचित्र पाहिल्यावर आपण विचारतो, हे कोणत्या युद्धातले. ओळख ठरलेल्या छायाचित्राचे उलटे असते: युद्धाचे नाव निघताच ते चित्र आधी डोळ्यांपुढे येते. व्हिएतनाम म्हटले की रस्त्यावरून रडत धावणारी मुलगी आणि बांगलादेश युद्ध म्हटले की टेबलावर वाकून सही करणारा सेनापती आठवतो. एक साधी कसोटी आम्ही बैठकीत वापरतो. त्या चित्राची नुसती बाह्यरेषा काळ्या शाईने काढून दाखवावी. लोकांनी तरीही ते ओळखले, तर ते छायाचित्र वर्तमानपत्रातून निघून लोकांच्या स्मरणात गेले आहे असे समजावे. जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांचे छायाचित्र फेब्रुवारी १९४५ मध्ये काढले गेले, त्याच वर्षी जुलैत ते अमेरिकी टपाल तिकिटावर आले आणि १९५४ मध्ये त्यावरून घडवलेले प्रचंड कांस्यशिल्प आर्लिंग्टन येथे उभे राहिले. छायाचित्राचा हा दुसरा जन्म छायाचित्रकाराच्या हातात नसतो.

२. युद्धाची छायाचित्रे कधीपासून काढली जाऊ लागली? आपल्याकडे ती नंतर आली का?

अजिबात नाही. अमेरिका-मेक्सिको युद्धातील १८४६ ते १८४८ दरम्यानची काही छायाचित्रे सर्वांत जुनी मानली जातात, आणि लगोलग १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धात जॉन मॅकॉश हा कंपनीच्या सैन्यातील शल्यचिकित्सक छायाचित्रे काढत होता. ती मुख्यतः अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे आहेत. रणभूमीवरच्या प्रेतांचा प्रश्न आला तो १८५८ मध्ये, लखनौला.

सिकंदर बाग येथे नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. छायाचित्रकार फेलिचे बिआतो तेथे पोहोचला तो पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. त्याच्या छायाचित्रात पडझड झालेल्या वास्तूसमोरच्या अंगणात सांगाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात, आणि खांबांपाशी काही माणसे व एक घोडा शांतपणे उभा आहे. लढाईनंतर चार महिन्यांनी हाडे अशी उघड्यावर, चौकटीत नीट बसतील अशी कशी राहिली, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अभ्यासक एकच देतात: ती छायाचित्रासाठी बाहेर काढून पसरवली होती. म्हणजे १८५७ चे जे चित्र इतिहासाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले, ते लढाईचे नव्हेच. विजेत्याने नंतर मांडलेला तो देखावा आहे, आणि त्यातली हाडे मात्र खरी आहेत. बैठकीत हे चित्र दाखवले की मी ही दोन्ही वाक्ये एकत्रच सांगतो, कारण एकच सांगितले तर अन्याय होतो.

३. एका युद्धात हजारो फोटो काढले जातात. मग एकच का उरतो?

पहिले कारण रचनेचे आहे. अशा चित्रात माणसे थोडी असतात, कृती एकच असते आणि ती लहान आकारात, खराब कागदावर छापली तरी कळते. दुसरे कारण वितरणाचे आहे: चित्र मोठ्या वृत्तसंस्थेच्या हाती वेळेवर पडले, तर एकाच दिवशी शेकडो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जाते. इवो जिमाचे छायाचित्र काढणाऱ्या जो रोझेन्थालचा रोल विमानाने ग्वामला गेला, तेथे धुतला गेला आणि तेथूनच चित्र रेडिओने अमेरिकेला पाठवले गेले. स्वतः रोझेन्थालने ते पाहण्यापूर्वी रविवारच्या वर्तमानपत्रांनी ते छापलेही होते.

तिसरे कारण गरजेचे, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. त्या क्षणी त्या समाजाला किंवा सरकारला त्या चित्राची गरज असावी लागते. अमेरिकेला सातव्या युद्धकर्जासाठी पैसा उभा करायचा होता. झेंड्याचे चित्र त्या मोहिमेच्या भित्तिपत्रकावर गेले. याची दुसरी बाजू अशी, की युद्धात सर्वाधिक माणसे ज्यांनी मरतात त्या भूक, रोगराई आणि दुरून होणाऱ्या तोफमाऱ्याची एका क्षणात मावतील अशी चित्रे क्वचितच मिळतात, आणि त्यामुळे त्या गोष्टी लोकस्मृतीत मागे राहतात.

४. इवो जिमाचा फोटो मुद्दाम उभा करून काढला होता, हे खरे ना?

खरे नाही, पण हा समज का पसरला ते समजण्यासारखे आहे. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरिबाची डोंगरावर दोन झेंडे लागले. सकाळी लावलेला पहिला झेंडा लहान होता. त्याची छायाचित्रे लुई लोअरी या सैन्यातील छायाचित्रकाराने काढली. काही तासांनी त्या जागी मोठा झेंडा लावला गेला आणि तो उभारला जात असताना रोझेन्थालने कळ दाबली. त्यानंतर त्याने सैनिकांना झेंड्याखाली जमवून जल्लोषाचे एक सामूहिक छायाचित्रही घेतले. काही दिवसांनी ग्वामवर त्याला कोणीतरी विचारले, की फोटो मांडणी करून काढला का. त्याला तो सामूहिक फोटो वाटला आणि तो ‘हो’ म्हणाला. या एका उत्तराने आयुष्यभर त्याची पाठ सोडली नाही. सुदैवाने त्याच्या शेजारी उभा राहून बिल जेनॉस्ट हा सैनिक चलच्चित्रण करत होता, आणि त्या फितीत झेंडा एका दमात, कोणाच्याही सूचनेविना वर जाताना दिसतो.

चूक झाली ती निराळ्याच ठिकाणी, माणसांच्या नावांत. चित्रात सहा जण आहेत आणि त्यांपैकी तिघे त्याच बेटावर पुढच्या लढाईत मारले गेले. त्यांची ओळख अमेरिकी मरीन दलाला तीनदा दुरुस्त करावी लागली: १९४७, २०१६ आणि २०१९ मध्ये. जगातील बहुधा सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या युद्धचित्राची फोटोओळ चौऱ्याहत्तर वर्षे चुकीची राहू शकते, ही गोष्ट ‘मांडणी केली होती का’ या प्रश्नापेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते.

५. बर्लिनच्या राइशटाग या संसदभवनावर सोव्हिएत झेंडा लावतानाच्या फोटोत घड्याळ खोडले आहे म्हणतात. ते कसे ओळखायचे?

हे दाखवण्यासाठी आम्ही दोन प्रिंट शेजारी ठेवतो आणि घड्याळजीचे भिंग फिरवतो. झेंडा धरलेल्या सैनिकाचा पाय खालून आधार देणारा एक जण आहे. त्याच्या हातांकडे पाहावे. एका प्रिंटमध्ये दोन्ही मनगटांवर काहीतरी बांधलेले आहे, दुसऱ्यात उजवे मनगट मोकळे आहे. दोन घड्याळे म्हणजे लूट, असा अर्थ निघेल म्हणून एक निगेटिव्हवरूनच खरवडले गेले. ते घड्याळ नसून मनगटी होकायंत्र असावे, असेही काही जण म्हणतात. पार्श्वभूमीवरचा धूरही नंतर गडद केलेला आहे.

हे चित्र येव्गेनी खाल्देई याने २ मे १९४५ रोजी काढले. पहिला झेंडा ३० एप्रिलच्या रात्री लागला होता, पण तेव्हा छायाचित्र काढणे शक्य नव्हते. खाल्देईने रोझेन्थालचे चित्र पाहिलेले होते; लाल टेबलक्लॉथ शिवून केलेला झेंडा त्याने सोबत नेला, सैनिक निवडले आणि संपूर्ण रोल काढला. म्हणजे प्रश्न ४ मध्ये ज्याच्यावर आळ आला तो निर्दोष होता, आणि ज्याने सरळ मांडणी केली त्याच्या चित्राला फारसे कोणी बोलत नाही. बर्लिन पडले होते आणि झेंडा सोव्हिएत होता, तेवढे या चित्रात खरे आहे. त्यापलीकडे ते प्रचारचित्र म्हणूनच वाचावे.

६. रॉबर्ट कापाचा ‘कोसळणारा सैनिक’ खरा की नाटकी?

स्पेनच्या यादवी युद्धातील हे चित्र सप्टेंबर १९३६ मधले. तेव्हा छायाचित्रकार कापा बावीस वर्षांचा होता. गोळी लागून मागे कोसळणारा सैनिक, हातातून सुटणारी बंदूक, मागे उघडा उतार. अनेक दशके ते सेरो मुरियानो येथील लढाईतले म्हणून छापले गेले. २००९ मध्ये स्पॅनिश प्राध्यापक होसे मानुएल सुसपेरेगी यांनी मागची डोंगररांग जुळवून दाखवले, की जागा तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या एस्पेखो गावाजवळची आहे, आणि तेथे त्या दिवसांत लढाई नव्हती. मूळ निगेटिव्ह उपलब्ध नाही. मेक्सिकोत सापडलेल्या, त्या युद्धातील निगेटिव्हच्या सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह निघाल्या, त्यांतही ती नव्हती.

सरावाच्या वेळी काढले म्हणावे, तर तो माणूस खरोखर मेलाच नाही असेही सिद्ध होत नाही. मी आता ते ‘लढाईतील मृत्यू’ या फोटोओळीखाली दाखवत नाही. फक्त वर्ष आणि देश लिहितो.

७. १९७१ च्या शरणागतीच्या फोटोत माणेकशॉ कोणते?

ते त्यात नाहीतच. हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की आम्ही तो पाठ केला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. टेबलापाशी बसून सही करणारे पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी आहेत, त्यांच्या शेजारी पगडीतले भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. मागे उभ्या असलेल्यांत व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, लेफ्टनंट जनरल सगतसिंग आणि मेजर जनरल जेकब. सरसेनापती माणेकशॉ त्या दिवशी ढाक्याला गेले नव्हते. विजयाचे श्रेय त्यांच्या नावाशी इतके जोडलेले आहे, की नजर त्यांना चौकटीत शोधते, आणि काहींना ते दिसतातही.

एका बैठकीला कोपरीहून एक निवृत्त सुभेदार त्या आठवड्यातले वर्तमानपत्र घेऊन आले होते. चार घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले. घडीची रेघ नेमकी नियाझींच्या हातावरून गेली होती आणि तेथला कागद झिजून भोक पडले होते. त्यांना ते दुरुस्त करून हवे होते, पण आमच्यातल्या एका तरुणाने संगणकावर हात नव्याने भरून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “अहो, हा हात त्यांचा नाही. राहू द्या भोक.” आम्ही राहू दिले.

आता चौकटीबाहेरचे. तेथे अनेक छायाचित्रकार होते, त्यामुळे वेगवेगळ्या चौकटींत कडेची माणसे बदलतात, आणि बांगलादेशच्या बाजूने हजर असलेले ग्रुप कॅप्टन ए. के. खोंदकर अनेक छापील आवृत्त्यांत उठून दिसत नाहीत. मुक्तिवाहिनीचे सेनापती उस्मानी समारंभाला नव्हते. भारतात हे चित्र तेरा दिवसांच्या लढाईचा शेवट आहे. बांगलादेशात युद्ध नऊ महिन्यांचे आहे, आणि तेथल्या स्मरणात रशीद तालुकदार यांनी टिपलेली, मारल्या गेलेल्या बुद्धिजीवींची छायाचित्रे तितकीच ठळक आहेत. किशोर पारेख कोणत्याही नियतकालिकाने पाठवले नसताना स्वतःच तेथे गेले आणि काही दिवसांत त्यांनी जे काढले, त्यात सेनापती फारसे नाहीत, रस्त्यावरची माणसे आहेत. रघू राय यांची निर्वासितांची छायाचित्रेही याच वर्षाची. शरणागतीचे चित्र भिंतीवर लावावे, पण ही छायाचित्रे पाहिल्याशिवाय १९७१ पाहिले असे म्हणू नये.

या दृश्याचे एक चित्र सेनाप्रमुखांच्या दालनात असे. डिसेंबर २०२४ मध्ये ते दिल्लीतील माणेकशॉ सेंटरमध्ये हलवले गेले, तेव्हा निवृत्त अधिकाऱ्यांत मोठा वाद झाला. केवळ जागा बदलल्यावर एवढे बोलले जाते, यावरून त्या चित्राचे वजन कळावे.

८. मग १९६२, १९६५ आणि कारगिलचा असा एकच फोटो का आठवत नाही?

१९६५ चे दोन आहेत, पण दोन्ही वस्तूंचे: खेमकरण भागातले निकामी झालेले पॅटन रणगाडे, आणि लाहोर जिल्ह्यातील बर्की पोलीस ठाण्याच्या पाटीसमोर उभे असलेले भारतीय जवान. १९६२ मध्ये लढाई दुर्गम उंचीवर झाली, छायाचित्रकार थोडे होते, आणि पराभवाचे चित्र जपण्याची हौस कोणत्याच देशाला नसते. कारगिलच्या वेळी दूरचित्रवाणी आली. टायगर हिल ४ जुलै १९९९ रोजी घेतली गेली. शिखरावर तिरंगा आणि उंचावलेल्या बंदुका यांची अनेक मिळतीजुळती छायाचित्रे आहेत, पण लोकांना आठवते ते बोफोर्सच्या तोंडातून निघणाऱ्या ज्वाळेचे हलते दृश्य.

चित्राविनाही स्मृती असते, हे येथे नोंदवले पाहिजे. ठाण्यातल्या ज्येष्ठांना १९७१ विचारले, तर पुष्कळ जण ढाक्याआधी खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद आणि वरची अर्धी बाजू काळी रंगवलेले मोटारींचे दिवे सांगतात. अंधाराचा फोटो कोण काढणार?

९. नापाममध्ये भाजलेल्या मुलीच्या फोटोमुळे व्हिएतनाम युद्ध थांबले ना? आणि बॉम्ब अमेरिकेने टाकला होता ना?

दोन्ही विधाने जशीच्या तशी बरोबर नाहीत. ८ जून १९७२ रोजी ट्रांग बांग गावाजवळ नापाम (अंगाला चिकटून जळणारे ज्वालाग्राही द्रव्य) टाकणारे विमान दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचे होते. युद्ध अमेरिकेच्या पाठबळावर चालले होते, हे खरेच; पण तोवर अमेरिकेचे बहुतेक पायदळ माघारी गेले होते, पॅरिसचा करार जानेवारी १९७३ मध्ये झाला आणि सायगॉन पडले ३० एप्रिल १९७५ रोजी. अमेरिकेतील जनमत त्यापूर्वीच विरोधात गेले होते. त्या विरोधाला या चित्राने चेहरा दिला, असे म्हणणे न्याय्य ठरेल. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना मात्र ते बनावट असावे अशी शंका आली होती, हे त्यांच्याच ध्वनिफितींत नोंदले आहे.

नऊ वर्षांची किम फुक विवस्त्र असल्यामुळे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमानुसार चित्र अडणार होते; सायगॉनमधील छायाचित्र संपादक होर्स्ट फास यांनी आग्रह धरून ते पाठवले. २०१६ मध्ये फेसबुकने हेच चित्र नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकले, आणि नॉर्वेत गदारोळ झाल्यावर परत आणले.

छायाचित्रकार म्हणून निक उट यांचे नाव लागते आणि १९७३ चे पुलित्झर पारितोषिक त्यांनाच मिळाले. २०२५ मध्ये एका माहितीपटाने असा दावा केला, की चित्र न्युएन थान न्गे या दुसऱ्या, बाहेरून फोटो पुरवणाऱ्या छायाचित्रकाराचे आहे. असोसिएटेड प्रेसने तपासाअंती श्रेय बदलले नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने मात्र श्रेय तूर्त स्थगित केले. आम्ही फोटोओळीत ‘असोसिएटेड प्रेस’ लिहितो.

१०. त्या फोटोच्या कडेला आणखी एक छायाचित्रकार आहे म्हणतात. आमच्या पुस्तकात तर दिसत नाही.

दिसणार नाही, कारण छापताना उजवी बाजू सहसा कापली जाते. पूर्ण चौकटीत रस्त्याच्या कडेला गणवेशातला एक जण कॅमेऱ्यात गुंतलेला दिसतो. त्याच्यासह चित्र पाहिले, तर मुलांची असहायता तीच राहते, पण तेथे बघणारे आणखीही होते हे कळते.

कापाकापी कशी होते याचा आम्हालाही अनुभव आला. बैठकीसाठी पूर्ण चौकटींचे मोठे प्रिंट स्टेशनजवळच्या एका दुकानात टाकले होते. आणले तेव्हा प्रत्येकाची एक कड गेलेली. काउंटरवरच्या मुलाने समजावले, “काका, पेपर साइजमध्ये बसत नव्हता, मेन माणूस मध्ये घेतलाय.” आता आम्ही पांढरी किनार सोडून पूर्ण चौकट छापा, असे पाकिटावर लिहून देतो.

११. समोर माणूस मरत असताना छायाचित्रकार मदत का करत नाही?

पुष्कळदा करतो, पण ते चित्रात येत नाही. ट्रांग बांगच्या रस्त्यावरून किम फुकला आणि इतर मुलांना निक उट यांनीच गाडीतून रुग्णालयात नेले.

अवघड उदाहरण ढाक्याचे आहे. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबर १९७१ रोजी, रझाकार, म्हणजे पाकिस्तानी सैन्याचे स्थानिक साथीदार, असल्याच्या आरोपावरून पकडलेल्या काही तरुणांना जमावासमोर संगिनींनी भोसकून मारण्यात आले. जमलेल्यांपैकी काही छायाचित्रकारांना वाटले, की हे कॅमेऱ्यासाठी चालले आहे, आपण गेलो तर थांबेल. ते निघून गेले. होर्स्ट फास आणि मिशेल लोराँ थांबले. त्या चित्रांना १९७२ चे पुलित्झर मिळाले. निघून गेल्याने ते तरुण वाचले नाहीत, आणि थांबलेल्यांमुळे जगाला कळले. तरीही निघून गेलेल्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

१२. सायगॉनमध्ये भर रस्त्यात गोळी घालणारा तो अधिकारी खलनायकच नव्हता का?

१ फेब्रुवारी १९६८ रोजी एडी ॲडम्सने टिपलेल्या चित्रात पोलीसप्रमुख न्युएन न्गोक लोआन एका हात बांधलेल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घालत आहेत. कम्युनिस्टांच्या टेट आक्रमणाचे ते दिवस होते, आणि कैदी व्हिएतकाँग या कम्युनिस्ट गनिमी सेनेचा होता. त्याने एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाची हत्या केल्याचे सांगितले जाते. बांधलेल्या माणसाला खटल्याविना मारणे गुन्हाच ठरतो आणि चित्र तो गुन्हा प्रामाणिकपणे दाखवते. पण त्यानंतर लोआन यांची दुसरी कोणतीही ओळख उरली नाही. ते पुढे अमेरिकेत गेले, व्हर्जिनियात पिझ्झाचे उपाहारगृह चालवत होते, तेथेही ओळखले गेले. १९९८ मध्ये वारले. ॲडम्सला १९६९ चे पुलित्झर मिळाले आणि पुढे त्याने लोआन आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली. आपल्या कॅमेऱ्याने त्या माणसाला मारले, असे त्याला वाटत असे.

१३. गुन्हेगारांनीच काढलेले फोटो आपण वापरावेत का?

वापरावेत, मात्र कोणी काढले ते फोटोओळीत लिहून. वॉर्सातील ज्यू वस्तीतला हात वर केलेला लहान मुलगा आपण नाझी अत्याचाराचे प्रतीक म्हणून पाहतो, पण ते चित्र १९४३ मध्ये जनरल श्ट्रोपच्या अहवालात विजयाचा दाखला म्हणून चिकटवले होते. त्या मुलाची ओळख आजही निश्चित नाही. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या सैनिकाची, योझेफ ब्लोशेची, मात्र पटली, आणि पूर्व जर्मनीत १९६९ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. अभिमानाने काढलेले चित्र असे त्यालाच भोवले.

माय लाय या व्हिएतनामी गावात अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली, तेव्हा १६ मार्च १९६८ रोजी तेथे रोनाल्ड हेबर्ले हा लष्कराचाच छायाचित्रकार होता. लष्कराच्या कॅमेऱ्यातले कृष्णधवल रोल त्याने जमा केले, स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत रोल जवळ ठेवले. नोव्हेंबर १९६९ मध्ये छापले गेले ते रंगीत. अबू गरीब तुरुंगातील चित्रे अमेरिकी सैनिकांनी गंमत म्हणून काढली होती. एप्रिल २००४ मध्ये ती बाहेर आली आणि इराक युद्धाची ओळख सद्दाम हुसेनच्या पुतळापाडणीवरून डोक्यावर टोपडे घातलेल्या कैद्यावर गेली. तो कैदी आपणच, असे सांगणाऱ्या एका माणसावर न्यूयॉर्क टाइम्सने २००६ मध्ये पहिल्या पानावर लेख छापला आणि काही दिवसांतच चूक कबूल केली.

१४. जे छापलेच गेले नाहीत, त्यांचे काय?

१९९१ च्या आखाती युद्धात केन जॅरेक याने जळालेल्या वाहनाच्या खिडकीतून बाहेर पडू पाहताना कोळसा झालेल्या इराकी सैनिकाचे चित्र काढले. न्यूयॉर्कमध्ये असोसिएटेड प्रेसने ते अडवले. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने छापले. अमेरिकनांच्या स्मरणातले ते युद्ध हिरवट पडद्यावरच्या ठिपक्यांचे राहिले.

१५. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचा कसाबचा फोटो या यादीत बसतो का?

मुंबईच्या लोकलने रोज उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सेबॅस्टियन डिसोझा यांनी तो काढला: पाठीवर पिशवी, हातात रायफल. तो दहशतवादी हल्ला होता, घोषित युद्ध नव्हे, म्हणून काटेकोर अर्थाने यादीबाहेर. पण स्मरणात तो युद्धचित्रासारखाच वागतो, आणि एका बाबतीत बहुतेक युद्धचित्रांच्या पुढे आहे: तो न्यायालयात पुरावा म्हणून मांडला गेला आणि डिसोझा यांनी साक्षही दिली. माझा आक्षेप एवढाच, की त्या रात्रीची ओळख मारणाऱ्याच्या चेहऱ्याने झाली. फलाटावर मेलेल्या प्रवाशांचा चेहरा आपल्याला आठवत नाही.

१६. व्हॉट्सॲपवर आलेला युद्धाचा फोटो खरा आहे की नाही, हे कसे पाहावे?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत जुन्या स्फोटांची छायाचित्रे आणि चक्क व्हिडिओ गेममधली दृश्ये ताजी म्हणून फिरत होती. बनावट चित्रापेक्षा खऱ्या चित्राखालची खोटी ओळ अधिक आढळते. म्हणून आधी उलट शोध घ्यावा, म्हणजे तेच चित्र पूर्वी कधी, कोठे छापले गेले ते पाहावे. त्यानंतर पाट्या, वाहनांच्या क्रमांकपट्ट्या, सावल्या, झाडे यांची जागेशी सांगड घालावी. प्रश्न ६ मधील डोंगररांगेची पद्धत हीच. यंत्राने घडवलेल्या चित्रांत बोटे आणि अक्षरे चुकतात ही खूण आता भरवशाची राहिलेली नाही. चित्र कोणी काढले हे कोठेच लिहिलेले नसेल, तर पुढे पाठवू नये.

१७. आजच्या युद्धांचे असे चित्र ठरले आहे का?

लगेच सांगता येत नाही. युक्रेनमधील मारियुपोलच्या प्रसूतिगृहातून स्ट्रेचरवर नेली जाणारी गर्भवती, हे येव्हेन मालोलेत्का यांनी ९ मार्च २०२२ रोजी काढलेले चित्र, आणि गाझातील खान युनिसच्या रुग्णालयात पांढऱ्या कफनातल्या भाचीला कवटाळून बसलेली स्त्री, हे मोहम्मद सालेम यांचे ऑक्टोबर २०२३ मधले चित्र. दोन्हींना वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातील सर्वोच्च मान मिळाला. पुरस्कार आणि स्मृती या निराळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर मृत सापडलेल्या आलान कुर्दी या सीरियन निर्वासित बालकाच्या चित्रानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीडनच्या रेडक्रॉसकडे देणग्यांचा ओघ लागला आणि काही आठवड्यांत तो ओसरला. चित्र आठवते, निर्वासितांचा प्रश्न तसाच आहे.

१८. शाळेतल्या मुलांना ही चित्रे दाखवावीत का?

आठवीपासून पुढे, शिक्षक शेजारी असताना, एका वेळी एकच. आधी चित्र, मग शांतता, मग फोटोओळ. मोबाईलवर सरकवत दाखवू नये.

१९. घरी आजोबांचे सैन्यातले जुने फोटो सापडले आहेत. काय करावे?

हा प्रश्न पावसाळ्यानंतर हमखास येतो, कारण खाडीकाठच्या दमट हवेत अल्बम चिकटतात. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्र ओढून काढू नये. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करावे. लॅमिनेशन करू नये. छायाचित्रे आम्लविरहित कागदात, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावीत. माळा आणि भिंतीलगतचा तळकप्पा टाळावा. मागच्या बाजूवर काही लिहिले असेल तर तीही बाजू स्कॅन करावी, कारण पुष्कळदा तेवढीच फोटोओळ शिल्लक असते. नवे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे: नाव, गाव, तुकडी, साल. जे माहीत नाही ते अंदाजाने भरू नये. कळव्याच्या एका घरातून आलेल्या फोटोत पाच जवान एका ट्रकसमोर उभे आहेत आणि मागे फिकट शाईत तीनच नावे आहेत. त्या घरातल्या आजी अजून हयात आहेत. उरलेली दोन नावे विचारायला नातू येत्या रविवारी जाणार आहे.